किडनीचा आजार आणि ताटातली माशाची तुकडी

परवा डायलिसिस आटोपून एक काका आणि काकू आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. तीन वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीने सांधलेला. मासे, अंडी बंद. डाळ आठवड्यातून एकदा. दूध चहापुरतं. काकांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की साचणारा कचरा) वाढलेलं पहिल्यांदा सापडलं तेव्हाचा तो आहार. काकूंनी तो पोथीसारखा पाळला. आठ महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झालं, तरी पाळतच राहिल्या. काकांच्या घड्याळाच्या पट्ट्याला सुरीच्या टोकाने पाडलेली दोन नवी भोकं दिसत होती. वजन ६२ वरून ५४ किलोवर आलं होतं.

"नुस्तें ना, तांतयां ना, दाळ ना. मागीर खावचें तरी कितें?" (मासे नाहीत, अंडी नाहीत, डाळ नाही. मग खायचं तरी काय?) काकू म्हणाल्या. गोव्यातल्या फोंड्याकडची आम्ही माणसं बोलतो कोकणीत आणि वाचतो मराठीत, म्हणून लिहितेय मराठीत. पण प्रश्न मात्र त्यांच्याच तोंडचा राहू दे.

तो कागद पूर्ण चुकीचा नव्हता. जरा जास्तच कडक होता एवढंच. खरी अडचण अशी की त्याची मुदत संपली होती आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. किडनीच्या आजारात प्रथिनांचा सल्ला डायलिसिस सुरू झालं की उलटा फिरतो. आधी कमी, मग जास्त. घरोघरी पोचते ती फक्त पहिली अर्धी गोष्ट.

कमी का, ते आधी बघू. आपलं शरीर म्हणजे सतत पेटती चूल. भात, पोळी, साखर, तेल, तूप हे सगळं जळलं की त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो, किडनीला त्याचा त्रास नाही. प्रथिनांचं तसं नसतं. त्यांच्यात नायट्रोजन असतो आणि प्रथिनं जळली की त्याची राख उरते. यकृत त्या राखेचा युरिया करतं, आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. तिच्यात गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या असतात, एकेका किडनीत साधारण दहा लाख. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवी म्हणून सोडतात. आजारात या चाळण्या एकेक करून बंद पडतात. उरलेल्यांवर बोजा वाढतो, त्या आणखी दमतात. रक्तात राख साचायला लागली की तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, मासे-मटणाचा वासही नको होतो. पेशंट "जेवण जात नाही" म्हणतो ते नाटक नव्हे.

म्हणून चुलीत राख करणारं लाकूड बेताने घालायचं. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढचं मात्र हमखास निसटतं. चूल विझवता येत नाही. पुरेसा भात-तेल मिळालं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू तोडून जाळतं. म्हणजे लाकूड संपलं म्हणून घराचे वासे काढून चुलीत घालायचे. आणि स्नायू म्हणजेही प्रथिनंच, त्यांचीही राख होतेच. माणूस अर्धपोटी राहतो, वाळत जातो, आणि युरिया तरीही वाढतो. घरचे घाबरून ताट आणखी छोटं करतात.

आता आकडे. रिपोर्टवर ईजीएफआर नावाचा आकडा असतो, किडनी किती गाळते त्याचा अंदाज. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला की जुनाट आजार म्हणतात. १५ च्या खाली गेला की शेवटची, पाचवी पायरी. तिसऱ्या ते पाचव्या पायरीवर, डायलिसिस सुरू नसताना, प्रथिनं किती द्यावीत यावर तज्ज्ञांत थोडा मतभेद आहे. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या सूचना कडक आहेत: वजनाच्या दर किलोला ०.५५ ते ०.६ ग्रॅम, आणि मधुमेह असेल तर ०.६ ते ०.८. केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२४ च्या सूचना सरळ ०.८ म्हणतात आणि १.३ च्या वर जाऊ नका असं बजावतात. आपल्याकडे, जिथे मुळातच ताटात भात जास्त आणि प्रथिनं कमी, तिथे मी स्वतः ०.६ च्या खाली कुणाला नेत नाही. वजन धरायचं ते सूज उतरल्यावरचं. पाय सुजलेल्या माणसाला काट्यावर उभं करून गुणाकार केला तर पाण्यालाही प्रथिनं वाढली जातात.

६० किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम. ही प्रथिनांची ग्रॅम, माशाची नव्हेत. हा घोळ दर आठवड्याला एकदा तरी होतो. १०० ग्रॅम मासळीत साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६, १०० मिली दुधात ३ च्या आसपास, एका छोट्या पोळीत ३. तांदळातही असतात बरं का, कोरड्या ७५ ग्रॅम तांदळात ६ ग्रॅमच्या आसपास. म्हणून हिशेब भातापासून सुरू करायचा.

काकूंना तीन वर्षांपूर्वी कुणी हे मांडून दाखवलं असतं तर दिवस असा दिसला असता: सकाळी दोन पोळ्या, ६ ग्रॅम. दुपारी शीत म्हणजे भात, ६. बांगड्याच्या हुमणातला (आमटीतला) मांसाचा ५० ग्रॅमचा तुकडा, १०. डाळ २० ग्रॅम कोरडी, साडेचार. दिवसभराचं दूध-दही मिळून १५० मिली, ५. रात्री दोन पोळ्या, ६, आणि भाज्यांचे मिळून ३. बेरीज ४० च्या थोडी वर. नुस्तं आहे, डाळ आहे, दूध आहे. बंद काहीच नाही, फक्त बांगडा अख्खा नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात तीनशे-चारशे रुपयांचा डिजिटल काटा लागतो. पंधरा दिवस मोजलं की डोळ्याला अंदाज येतो, मग काटा मुलांना केक करायला देऊन टाकावा.

डाळ बंद करायचा सल्ला अजूनही सर्रास ऐकू येतो. पूर्वी समज होता की कडधान्यातलं प्रथिन हलक्या दर्जाचं, म्हणून नुसता कचरा वाढवतं. आता वनस्पतीजन्य प्रथिनांना कुणी वाईट म्हणत नाही, उलट झुकतं माप मिळतंय. डाळीतला फॉस्फरस (आजारी किडनीला तोही नीट बाहेर टाकता येत नाही) पोटात पूर्ण शोषला जात नाही, हीही तिची जमेची बाजू.

आता चुलीतलं बिनराखेचं लाकूड. किलोमागे २५ ते ३५ कॅलरी, म्हणजे आपल्या ६० किलोच्या माणसाला १८०० च्या आसपास. प्रथिनं कापली की त्या भरून काढायच्या कशाने? इथे आरोग्याचे नेहमीचे धडे उलटे होतात. साबुदाणा, आरारूट, तेल, खोबरेल, आणि मधुमेह नसेल तर साखर. ज्या गोष्टींना एरवी आपण "नुसता स्टार्च" म्हणून नाकं मुरडतो त्याच इथे कामाच्या. १०० ग्रॅम साबुदाण्यात ३५० कॅलरी आणि प्रथिन नावापुरतं. शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी नव्हे, ती केली की सगळा हेतूच बुडाला. पाण्यात शिजवून जरासा नारळाचा रस घातलेली खीर चालते. उलट नाचणी, जी सगळ्यांना पौष्टिक म्हणून सांगितली जाते, तिच्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही बऱ्यापैकी. त्यात गूळ घालून केलेलं तिजण म्हणजे पोटॅशियम वाढलेल्या पेशंटसाठी पौष्टिक संकट. मी सुनांना हे सांगते तेव्हा घरातल्या सासूबाई माझ्याकडे संशयाने बघतात.

आता कागद उलटा कुठे होतो ते. हिमोडायलिसिसचं एक सत्र साधारण चार तासांचं, आठवड्यातून दोन-तीनदा. मशीन युरिया काढतं, पण त्याला चांगलं-वाईट कळत नाही. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी, तेही त्याच गाळणीतून वाहून जातात. एका सत्रात ६ ते १२ ग्रॅम. एक-दोन अंडी खाल्ली आणि मोरीत टाकली, असं समजा. पोटातून घरच्या घरी डायलिसिस करणाऱ्यांचं तर रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिन त्या पाण्यातून जातं. शिवाय त्या दिवशी शरीर थकतं, भूक मरते. म्हणून डायलिसिस सुरू झालं की किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ६० किलोला ६० ते ७२. पूर्वीच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त. राख काढायला मशीन आलं आहे, आता वासे सांभाळायचे.

काकूंना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच ह्यांना वाळवलं?" त्यांना म्हटलं, तुम्ही सांगितलेलं ऐकलं, चूक न सांगणाऱ्यांची. ५४ किलोच्या काकांना आम्ही ६० किलोचाच हिशेब लावला, कारण तिथे परत पोचायचं आहे. रोज शंभर ग्रॅम मासळी आणि तीन अंड्यांचे पांढरे भाग. पांढरा एवढ्यासाठी की त्यात साडेतीन ग्रॅम प्रथिन असतं आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. तो सगळा पिवळ्यात. काका म्हणाले, पांढऱ्याला चव नसते. खरं आहे. कांदा, मिरी आणि थोडी कोथिंबीर घालून पोळा करा, इतकंच मी सुचवू शकले.

गोव्यात यात एक मोठी फट आहे ती म्हणजे शिवराक, म्हणजे मासे-मटण न खायचे दिवस. सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा, आणि अख्खा श्रावण. एरवी डायलिसिसचा पेशंट माशावर तगलेला असतो, आणि श्रावण आला की महिनाभर शीत, वरण, भाजी. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलं की मी आधी पंचांग विचारते. श्रावण मोडा असं मी म्हणत नाही, माझ्याच घरी मोडत नाहीत. पण मग दिवसाला ६० ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्य, साठेक ग्रॅम पनीर, दूध-दही मिळून ३०० मिली एवढं तरी हवं. भात-पोळ्या धरून बेरीज ५५ च्या आसपास जाते. पनीर-दुधात फॉस्फरस असतो, म्हणून डॉक्टरांनी त्यासाठी गोळी दिली असेल तर ती जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची. दोन तासांनी आठवण झाली म्हणून घेतली तर नुसती गिळली, उपयोग शून्य. ती पोटात अन्नाला गाठूनच काम करते.

फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. काळी शीतपेयं आणि टिकाऊ पदार्थांत मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो. गोठवलेल्या पाकिटातल्या सुंगटांवरही (कोळंबीवरही) पुष्कळदा फॉस्फेटचं पाणी चढवलेलं असतं. बाजारातल्या बाईकडून ताजी घ्या.

मिठाकडे येते, कारण आपल्याकडे खरं पाणी तिथे मुरतं. दिवसाचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, त्यात सगळं आलं. आता मे महिन्यातलं आपलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी आठवा. जून-जुलैत ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून घराघरात सुके बांगडे, सुकी सुंगटं, गालमो (सुका जवळा), मिस्कूट (कैरीचं लोणचं), सोलं (आमसुलं) भरून ठेवलेली. पावसाळ्यात पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा आणि किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर). चव काय सांगावी! पण पेशंटचे पाय सुजायचा आणि दम लागायचा हंगामही हाच. सुकं भिजत घालून पाणी टाकलं तर थोडं मीठ जातं, बरंच राहतं. माझ्या अनुभवात लोक सुक्या मासळीवर लक्ष ठेवतात आणि सोलकढीला विसरतात. बाटलीतलं कोकमाचं आगळ चांगलंच खारट असतं, सोलांनाही मीठ लावलेलं असतं. सोलं धुऊन घ्या आणि कढीत वरून मीठ घालू नका. आंबटपणा आला की जीभ मीठ कमी मागते, तिरफळ आणि लसूणही मदतीला येतात. दोन-तीन आठवडे जेवण अळणी लागतं, मग शेजाऱ्यांचं हुमण खारट लागायला लागतं.

मिठाऐवजी "लो सोडियम" मीठ आणलं असेल तर ते आजच घरातून बाहेर काढा. रक्तदाबवाल्या साध्या माणसाला ते बरं असेल, पण त्यातलं सोडियम कमी करून घातलेलं असतं पोटॅशियम क्लोराइड, आणि किडनीच्या पेशंटला पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. ते वाढल्याचं पुष्कळदा काही कळतच नाही, सरळ नाडी बिघडते. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण हातात आडसर म्हणजे शहाळं घेऊन येतो. एका आडसरात अर्ध्या ग्रॅमहून जास्त पोटॅशियम. पाहुण्यांना तेच फोडून द्यावं. केळी, नीरफणस, तांबडी भाजी (लाल माठ), बटाटा, टोमॅटो यांचंही तसंच. पण नीट ऐका, पोटॅशियम सगळ्यांनीच तोडायचं नसतं. रक्तातला आकडा ठीक असेल तर भाज्या-फळं उगाच बंद करून बद्धकोष्ठ ओढवून घेण्यात अर्थ नाही. आकडा वाढला असेल तर भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि पाणी ओतून द्यायचं. नुसतं भिजवून फारसं जात नाही. दुधी, पडवळ, कोबी, काकडी त्यामानाने सौम्य. फळांत सफरचंद, अननसाची फोड, हंगामात जांभळं.

एका फळाबाबत मात्र तडजोड नाही. करमलं, म्हणजे स्टारफ्रूट. परसात झाड असतं, मिठात घालतात, मुलं तशीच खातात. पोर्तुगीजांनी नावही इथलंच उचललं आणि जगभर त्याचा कॅरंबोला केला. किडनी चालत नसलेल्या माणसाला यातलं विष मेंदूला भिडतं. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ साली ते वेगळं काढून त्याला कॅरमबॉक्सिन नाव दिलं. न थांबणारी उचकी, उलट्या, बडबड, मग फिट्स, आणि मृत्यूही झालेले आहेत. अर्धं फळही पुरतं. करमलं खाऊन उचकी लागली तर पाणी पाजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. बिंबलांचा (बिलिंबीचा) रसही तसाच लांब ठेवावा. केरळात कोलेस्टेरॉलवर उपाय म्हणून तो पिऊन चांगल्या किडन्या बिघडल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, त्यातल्या ऑक्झलेटमुळे.

"पण हे झालं ते खाण्यानेच ना?" हा प्रश्न दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या लोकांकडून जास्त येतो. त्या तालुक्यात मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी किडनी गेली असे पेशंट लक्षात येण्याइतके आहेत. संशोधकांनी तिथल्या पाण्यातल्या सिलिका आणि शिशाकडे बोट दाखवलं आहे. एरवी गोव्यातही, बाकी देशासारखं, मुख्य कारण मधुमेह आणि मग रक्तदाब. नुस्तं खाल्लं म्हणून किडनी जात नाही. ती गेल्यावर नुस्तं मोजून खायचं, एवढंच.

पाण्याबद्दल थोडक्यात. डायलिसिसवर लघवी कमी होत गेली की आदल्या दिवशीच्या लघवीइतकं अधिक अर्धा ते पाऊण लिटर, आणि त्यात पेज, चहा, हुमणाचा रस सगळं धरायचं. मीठ कमी केलं की तहान आपोआप कमी लागते, त्यामुळे तांब्या लपवण्यापेक्षा मिठाचा डबा लपवावा.

काका-काकू महिन्याने परत आले. वजन ५५.२. फार नव्हे, पण सूज नाही, म्हणजे ते मांसाचं. काकूंनी या वेळी वही आणली होती, रोजची बेरीज डाव्या समासात. शेवटच्या पानावर एकच प्रश्न, खाली दोन रेघा मारलेला: चवथीक खतखतें? म्हणजे गणेश चतुर्थीला खतखतं चालेल का?

खतखतं ही मिश्र भाजी. तिच्यात कंद, भोपळा, मक्याचं कणीस, तुरीची डाळ, सगळं आपापल्या पाण्यात शिजतं, म्हणजे पोटॅशियम पुरेपूर. कंद वेगळे उकडून पाणी टाका, मग खतखत्यात घाला, आणि ह्यांना एक छोटी वाटी, असं ठरलं. काकांना मधुमेह नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न कोणता येणार ते मला माहीत होतं.

"आणि नेवऱ्यो?" म्हणजे करंज्या.

"गुळाच्या नकोत, गुळात पोटॅशियम असतं. साखरेच्या करा."

"किती?"

"दोन."

काका म्हणाले, "तीन." काकूंनी वहीत दोन लिहिलं.